रापण धुतली

७ नोव्हेंबर २०२४

निवृत्त झाल्यावर रोजनिशी लिहायची असं ठरवलं होतं. अडीच वर्षं पानं कोरी गेली, कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. आज घडलं.

दुपारी फिलोमिना बाई आल्या. आम्ही दोडामार्गला असताना आमच्या मुलीला, सलोनीला, पहिलीत त्याच होत्या. आता निवृत्त होऊन मिठबावला सासरी असतात. दोन एसट्या बदलून ओरोसला आल्या आणि पाणीसुद्धा न पिता पिशवीतून बारा वह्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. दोनशे पानी, खाकी कव्हरं घातलेल्या. नाव, इयत्ता, विषय लिहायच्या चौकटीत एवढंच: 'रापण, २०१२-१३'. पुढच्या वहीवर पुढचं वर्ष.

रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून दोन बाजूंनी दोरांनी ओढायचं ते लांबलचक जाळं. ओढायला वीस-पंचवीस माणसं लागतात. बाईंच्या नवऱ्याची, एडवर्डची, रापण होती. तो गेल्यावर मुलगा टोनी ती चालवतो. मी काजूच्या बागेत वाढलेला माणूस. मासा माझ्या ओळखीचा होतो तो ताटात आल्यावर.

"रोज लिवलां," बाई म्हणाल्या. "एडवर्ड सांगी, मी लिवी. आता टोनी सांगता. एक दीस चुकलो नाय."

मग पेपरातलं एक कात्रण काढलं. संसदेची एक समिती किनाऱ्यावरच्या छोट्या मासेमारीचा अभ्यास करते आहे. लोकांनी निवेदनं पाठवावीत, पुरावा असल्यास सोबत जोडावा.

"दिवे लावन मासळी मारणारे मोठे ट्रॉलर किनाऱ्याच्या किती लागी येतत तां तुमका ठावक आसा. तेंका भायर ठेवचो कायदो व्हयो. तोंडान सांगलां तर कोण आयकना नाय, पण ह्यां लिवलेलां आसा. गवसांनू, तुमी जल्मभर सरकाराची उत्तरां लिवलास. ह्यां पण तुमीच लिवा. आणखी दोन वर्सां अशीच गेली तर टोनी रापण इकून गोव्याक जातलो."

माझी बायको विमला चहा घेऊन बाहेर येईपर्यंत मी हो म्हणून बसलो होतो.

बाईंना सांगितलं नाही ते इथे लिहितो. एकतीस वर्षं मी कचेरीत आकडे जमवले आणि विधानसभेतल्या प्रश्नांची उत्तरं तयार केली. साचे तीनच. 'हे खरे नाही.' 'हे अंशतः खरे आहे.' 'प्रश्न उद्भवत नाही.' २०१६ साली प्रश्न आला होता, रापणकरांना मिळणारी मासळी कमी झाली आहे हे खरे आहे काय. माझ्याकडे बंदरावरच्या मोठ्या बोटींचे आकडे होते, रापणीचे नव्हतेच. मी लिहिलं, 'हे खरे नाही.' ते पेपरात छापून आलं आणि आठवड्याभरात एडवर्डने मला मालवणच्या बाजारात गाठलं. "साहेब, खरां नाय म्हंजे? मी खोटो?" एवढंच म्हणाला. मी भाजीची पिशवी सावरत पुढे गेलो.

त्या पिशवीत दोन दुधी होते, हेही मला आठवतंय.

१९ नोव्हेंबर

वह्या वाचतोय. बाईंचं अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं. 'तारले १८ टोपल्यो.' 'बांगडे ४०.' 'पेडवे ६, टोनीक ताप.' 'वारो, होडी घालूक नाय.' 'रापण धुतली.' 'तारले २२.' कचेरीत सहा-सहा सह्या झालेले तक्तेसुद्धा इतके शिस्तीचे नसायचे.

एक गोष्ट लक्षात आली. बारा वर्षांत शून्य एकदाही नाही! जाळं टाकलं आणि काहीच आलं नाही असा एकही दिवस नाही. म्हणजे समुद्र अगदीच रुसलेला नाही. हे निवेदनात सांभाळून मांडावं लागेल.

विमला शेजारी बसून मटार सोलत होती. तिने वहीत डोकावून पाहिलं.

"ही लोकां इतके खेपे रापण धुतत कित्याक?"

"जाळ्याक मीठ चढता."

"तुमका कोणी सांगल्यान?"

"सांगाक कशाक व्हयां?"

"बाईंका एकदा इचारा तरी."

"तुका आकड्यातला काय कळता?"

ती मटाराचं ताट उचलून आत गेली.

२७ नोव्हेंबर

तक्ता झाला. पहिल्या वर्षी रापण धुण्याचे दिवस १९. गेल्या हंगामात १३१. बारा वर्षांचे मिळून ८४१. वाऱ्याचे दिवस वेगळे काढले, ते दरसाल सारखेच आहेत. एकूण टोपल्या निम्म्याहून खाली आल्या आहेत, हा आपला मुख्य मुद्दा.

धुण्याचे दिवस का वाढले याचाही मी छडा लावला. मोठ्या बोटी तेल आणि प्लास्टिक टाकतात, ते जाळ्यात अडकतं, म्हणून धुणं वाढलं. हा दुसरा मुद्दा. बाईंच्याही लक्षात आला नसेल. इंग्रजी प्रतीत 'नेट वॉशिंग डे' असा स्वतंत्र रकाना केला. 'रापण धुतली' हे तर शुद्ध मराठीच आहे, भाषांतराला कष्ट पडले नाहीत.

इतकं चोख काम मी नोकरीत केलं नव्हतं. तिथे कुणी मागितलंही नव्हतं म्हणा.

३ डिसेंबर

बाईंची सही घ्यायला मिठबावला गेलो. भिंतीवर एडवर्डचा फोटो आहे, त्याच्याकडे बघायचं मी टाळलं.

साडेअकराच्या सुमाराला टोनी आला. गुडघ्यापर्यंत वाळू, दोराने हात सोललेले. टोपी खुंटीकडे भिरकावली, ती खाली पडली. "धुतली," म्हणाला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. बाईंनी टोपी उचलली, वही काढली, तारीख घालून दोन शब्द लिहिले.

मी आपुलकीने विचारलं, "खूप वेळ लागतो का हो धुवायला?"

टोनीने मान वळवून माझ्याकडे रोखून पाहिलं आणि तो पुन्हा भिंतीकडे वळला. दमला होता बिचारा. जेवणात पेज आणि भाजलेले सुके पेडवे होते. रापणीवाल्याच्या घरी ताजा मासा मिळेल म्हणून मी विमलेला जेवायला थांबू नको असं सांगून आलो होतो.

१४ डिसेंबर

निवेदन रवाना. दोन प्रती, बारा वह्यांच्या झेरॉक्स, तक्ता. पोस्टाची पावती जपून पाकिटात ठेवली. 

४ फेब्रुवारी २०२५

दिल्लीहून फोन आला! समितीसाठी संशोधनाचं काम करणारा चंदन नावाचा मुलगा, बोलायला अतिशय अदबशीर. माझा तक्ता त्याने ओळ न ओळ वाचला होता. एकतीस वर्षांत माझा तक्ता कुणी वाचल्याचा मला एकदाही संशय आला नव्हता.

त्याची एकच शंका होती. "परशुरामजी, ये जो 'नेट वॉशिंग डे' है, उस दिन जाल समुंदर में डाला गया था या नहीं?"

"नहीं जी," मी म्हणालो. "उस दिन सिर्फ धुलाई."

"पक्का? क्योंकि फिर वो दिन औसत में नहीं गिने जाएँगे."

"पक्का. गिनने ही नहीं चाहिए."

फोन ठेवल्यावर वाटलं, बाईंना एकदा विचारून घ्यावं. पण साडेतीन वाजले होते, त्या पडल्या असतील. शिवाय विमला तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होती. तिच्यादेखत विचारायचं म्हणजे तिचंच म्हणणं खरं होतं असं झालं असतं. नाही विचारलं.

११ मार्च

समितीची बैठक मुंबईला झाली. मला साक्षीला बोलावलं होतं. आत काय झालं ते अहवाल येईपर्यंत बाहेर सांगायचं नसतं, पण स्वतःच्या वहीत लिहायला हरकत नसावी.

दहा मिनिटं मिळाली. अध्यक्ष म्हणाले की एका शाळाशिक्षिकेने बारा वर्षं रोज ठेवलेली नोंद असा पुरावा त्यांच्यापुढे क्वचित येतो. आजूबाजूच्या खासदारांनी माना डोलावल्या. एकाने वहीची झेरॉक्स उचलून निरखून पाहिली. खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला.

बाईंना यायचं होतं. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाल्या होत्या, "मी येतंय. मी नुसती बसतंय. काय इचारल्यानी तर सांगतंय." मी म्हटलं, तिथे हिंदी-इंग्रजी लागतं, तुम्ही उगाच दगदग करू नका, मी आहे ना. त्या मग म्हणाल्या, "बरां."

२१ ऑगस्ट

अहवाल दोन्ही सभागृहांत मांडला गेला. सलोनीने पणजीहून मोबाइलवर पाठवला. सत्तेचाळिसाव्या पानावर माझा तक्ता, जसाच्या तसा. साक्षीदारांच्या यादीत नाव. विमलेला हाक मारून दाखवलं.

मग खालचा परिच्छेद वाचला. तो मराठीत उतरवून ठेवतो.

'साक्षीदाराने दिलेल्या बारा वर्षांच्या नोंदींवरून दिसते की, प्रत्यक्ष मासेमारीच्या दिवशी मिळणारी मासळी कमी झालेली नसून किंचित वाढली आहे. एकूण मासळी घटली याचे कारण मासेमारीचे दिवसच कमी झाले, हे आहे. जाळी धुण्यात जाणारे दिवस १९ वरून १३१ झाले आहेत. सबब मोठ्या बोटींवर अधिक निर्बंध घालण्यास पुरेसा आधार दिसत नाही. किनाऱ्यावर जाळी धुण्यासाठी पक्के ओटे व नळ यांची सोय करावी.'

तीनदा वाचलं. हलकट आहेत सगळे. माझाच तक्ता घेऊन माझ्याच तोंडावर मारला. ट्रॉलरवाल्यांनी कुणाला तरी गाठलं असणार. त्या चंदनला फोन लावला, उचलला नाही.

रविवारी मिठबावला जाऊन बाईंना सांगायला हवं.

२४ ऑगस्ट

जे झालं ते क्रमाने लिहितो. क्रमाने लिहायचीच मला सवय आहे.

बाई नुकत्याच चर्चमधून आल्या होत्या. टोनी ओट्यावर दोर सारखे करत बसला होता. मी तो परिच्छेद दिल्लीवाल्यांना शिव्या घालत मोठ्याने वाचून दाखवला. बाई नीट ऐकत होत्या, मध्येच त्यांनी हात वर केला.

"कसलां धुणां?"

"तेच ते, तुमच्या वहीतलं. रापण धुतली."

"गवसांनू," त्या हळू म्हणाल्या, "रापण धुतली म्हंजे तुमका काय वाटलां?"

"म्हणजे... धुतली. स्वच्छ केली."

टोनी हसला. ते हसणं मला ऐकवलं नाही. बाईंनी पदर तोंडावर धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"रापण धुतली म्हंजे ओढली नी काय इलां नाय. रिकामी इली. दर्यार उबो रवान 'काय नाय' म्हणनत नाय. म्हटलां तर दर्या आयकता नी फुडच्या खेपेक तसांच देता. म्हणान धुतली म्हणतत. माझो सासरो तसांच म्हणी, एडवर्ड पण तसांच म्हणी. शाळेत पोरांका मी शून्य दिलंय, ह्या वहीत कधी दिलंय नाय."

आठशे एक्केचाळीस दिवस. पंचवीस माणसांनी चार-चार तास ओढून रिकामं जाळं वर आणलं ते आठशे एक्केचाळीस दिवस मी धुलाईत घातले. पक्का, असं सांगितलं. दिल्लीच्या पोराने नेमका प्रश्न विचारला होता. त्याच्या जागी मी असतो तर विचारलाही नसता.

"तुमी माका इचारलास कित्या नाय?" बाई म्हणाल्या.

 मी म्हटलं, चूक झाली. म्हटलं, बाई, अजून एक आहे. २०१६ साली ते उत्तर...

"ठावक आसा," त्यांनी मला तोडलं. "एडवर्डान तेव्हाच सांगलेल्यान, गवसान लिवल्यान म्हणान. म्हणानच तुमच्याकडे इलंय. माका वाटलां, ज्या हातान खरां नाय म्हणान लिवल्यान, त्याच हातान आता खरां लिवचां. देव तेवढी संधी देता."

टोनी उठला आणि दोर तिथेच टाकून समुद्राकडे निघून गेला.

२५ ऑगस्ट

विमलेला सगळं सांगितलं. तिने एकदाही 'मी म्हटलेलंय' असं म्हटलं नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

६ सप्टेंबर

बाईंना सांगितलं होतं की चूक दुरुस्त करून पाठवता येईल, पण मूळ वहीत शून्य असायला हवं. शब्दाचा अर्थ मी आता कितीही सांगितला तरी तो माझा शब्द, आणि माझ्या शब्दाची किंमत समितीला कळली आहे. शून्य दिसलं तर मोजतील.

बाई मग उठल्या, भिंतीवरचा एडवर्डचा फोटो काढला, कपाटात ठेवला आणि कपाट लावून घेतलं. शाळेतलं तांबडं पेन शोधलं, ते सुकलेलं होतं. दुकानातून नवीन आणवलं.

काल सकाळी दहाला बसल्या. मी पान उलटायचं, 'धुतली' वर बोट ठेवायचं, त्यांनी शेजारी शून्य काढायचं. पहिल्या शून्याला हात अडला. नंतर चालत राहिला. मध्ये मध्ये थांबून म्हणायच्या, "ह्या दिसा एडवर्डाक साठ पुरी झाली," किंवा "ह्या दिसा माझी नणंद गेली." २०१९ च्या वहीत सलग अकरा शून्यं आली तेव्हा पेन खाली ठेवून पाणी प्यायल्या. चार वाजता बाराव्या वहीचं शेवटचं पान झालं. शून्यं सगळी एकसारखी, गोल.

टोनी दारात उभा राहून बघत होता. "आवय, तुया लिवलंस?" एवढंच म्हणाला. बाईंनी वर पाहिलं नाही.

मी दुरुस्त तक्ता केला. शून्यं धरून सरासरी काढली तर मासळी तिसऱ्या हिश्श्यावर येते. लहान मुलालाही कळेल. आज टपालात टाकलं.

१० नोव्हेंबर

उत्तर आलं. हिंदीत, चार ओळींचं, सभ्य. आपल्या दुरुस्तीची नोंद घेतली आहे. परंतु अहवाल दोन्ही सभागृहांपुढे ठेवला गेला असल्याने त्यावर फेरविचार करण्याचा 'प्रश्न नहीं उठता'.

माझंच वाक्य. एकतीस वर्षं मी ते दुसऱ्यांना पाठवत होतो, आज मला आलं. कागद खणात ठेवला. विमलेला दाखवला, बाईंना कळवलं नाही.

२ डिसेंबर

बाईंचा फोन. "कागद इलो?" मी म्हणालो, "येतलो." खण उघडाच होता.

१९ डिसेंबर

पुन्हा फोन. नाताळच्या नेवऱ्या मिळाल्या का म्हणून विचारत होत्या. कागदाचं मी काढलं नाही, त्यांनीही नाही. नेवऱ्या मी तोंडाला लावल्या नाहीत. विमलेने शेजारी वाटल्या.

१७ जानेवारी २०२६

टोनीने रापण विकली, हे विमलेला बाजारात कळलं. आता खणात कागद ठेवून बसण्यात अर्थ नव्हता. गेलो.

किनाऱ्यावर, रापण वाळत घालायचे तिथे, पांढऱ्या फक्कीने लांबट चौकोन आखलेला होता. दोन माणसं फीत धरून मोजत होती. मी विचारलं तर म्हणाली, जाळी धुण्याचा ओटा, नळासकट. जिल्ह्यातला पहिला. इथलाच पुरावा होता ना, म्हणून मान इथला.

रापण आंब्याच्या एका बागायतदाराने नेली, माकडं येऊ नयेत म्हणून कलमांवर घालायला. टोनी परवाच गोव्याला गेला, हॉटेलात. बाई ओट्यावर एकट्या बसल्या होत्या. एडवर्डचा फोटो परत भिंतीवर आला होता. चौदावी वही टेबलावर होती, अर्ध्याच्या पुढे कोरी.

"कागद इलो?" त्यांनी विचारलं.

"इलो."

"काय लिवल्यानी?"

खिशातला कागद मला काढवेना. काही नाही, असं सांगायला तोंड उघडलं. समोर समुद्र होता, फक्कीचा चौकोन होता. तो शब्द माझ्याच्याने बाहेर आला नाही.

"धुतली," मी म्हणालो.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान हलवली, सलोनीचं गणित बरोबर आलं की हलवायच्या तशी.

"आता बरोबर म्हटलास," त्या म्हणाल्या, आणि पेज वाढायला आत गेल्या.